बीएसए बपेऱ्याले जाते

सिहोरा
४ सप्टेंबर २०२४

आदरणीय लक्ष्मणभाऊजी,
सप्रेम जयभीम.

फोन काहून नाही केला म्हणाल, तर मागच्या वेळी केला होता ना जी. तुमाले ऐकू येत नाही म्हणून तुमच्या मोनिका सूनबाईनं फोन मोठ्या आवाजावर लावला. मी यांच्या आठवणी सांगून राहिली होती, तर मधातच तुमच्या गल्लीतला दूधवाला म्हणते, "काकू, रडू नका." आता जे सांगायचं आहे ते दूधवाल्यानं ऐकलं तर एक वेळ चालेल, पण माझ्या अश्वजितच्या कानावर जायले नको. म्हणून पत्र.

यांची बीएसए फटफटी अजून समोरच्या सपरीत उभी आहे. तिच्याखाली मी जर्मनची थाळी ठेवली आहे, आठवड्यात एकदा त्यातलं ऑइल फेकते. हे गेले तेव्हापासून कोणी तिले किक मारली नाही. आता तुमसर रोडवर एक नवीन ढाबा झाला. त्या सेठले ही गाडी भिंतीवर टांगायची आहे. टांगायची म्हणजे खरंच टांगायची, खिळे ठोकून, चाकांत लुकलुक लाइट घालून. जेवायले आलेले लोक तिच्यासमोर फोटो काढतील म्हणे. अश्वजित हो म्हणून बसला!

मी म्हटलं, बापाची गाडी बकऱ्यासारखी टांगतोस? दोन दिवस मी त्याच्याशी बोलली नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आई, दिवाळीच्या आधी घरातल्या कोणी ही गाडी बपेऱ्याले नेऊन परत आणून दाखवली तर मी तिचं नाव काढणार नाही. नाहीतर ती सेठची." आणि हसला. त्याले माहीत आहे ना, घरात हात लावणारं कोणी नाही. कॉलेजात असताना त्या किकनं त्याचा घोटा मोडला होता, तेव्हापासून तो तिच्या बाजूनं जाताना सुद्धा लांबून जाते.

पण माझा एक भाचा आला आहे, बालाघाटचा. सुगत नाव. त्याले शिकायचं आहे. वयानं जरा मोठा आहे, पण समजदार आहे. तुम्ही यांचे जोडीदार. ही गाडी तुमच्याएवढी कोणाले माहीत नाही, असं तुम्हीच प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगता. तर सगळं सविस्तर लिहून पाठवा.

तुमची वहिनी,
रत्नमाला मेश्राम


मोहाडी
१० सप्टेंबर २०२४

श्रीमती रत्नमालावहिनींस,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचले आणि डोके फिरले. भिंतीवर! ज्या गाडीने चिंधूने आणि मी आषाढातल्या चिखलात बपेरा, चांदपूर, पार बालाघाटापर्यंतचे बाजार केले, ती भिंतीवर? खाणीतला गोरा साहेब देश सोडून गेला, त्याच्या मागे ताडपत्रीखाली सडत पडलेली ही गाडी चिंधूने हाताने उभी केली. मी साक्षीला होतो. अश्वजितला सांगा, लक्ष्मणकाका नाराज आहेत.

आपण योग्य माणसाला विचारलेत. भाच्याने खालील गोष्टी पाठ कराव्यात.

बाजारातले पाने हिच्या नटांना बसत नाहीत. विलायती मापच वेगळे. जबरदस्ती केली तर नट गोल होतो आणि मग बोंबला. चिंधूचे स्वतःचे पाने कापडात गुंडाळलेले असतील, ते शोधा. टाकीतले जुने पेट्रोल काढून फेका. कार्ब्युरेटर उघडून त्याचे भोक साफ करा. प्लग घासा. ऑइलची टाकी वेगळी आहे, सीटखाली, ती भरा. बॅटरीची काळजी नको, मॅग्नेटो आहे, ठिणगी गाडी स्वतः करते.

मग पेट्रोलचा नळ उघडा. कार्ब्युरेटरवरची टिचकी, म्हणजे ती छोटी खुंटी, दाबा, पेट्रोल ओघळेस्तोवर. हँडलवरचा स्पार्कचा लिव्हर मागे घ्या. आणि मग किक. एकच दणका, मर्दासारखा!

सर्वांत महत्त्वाचे. हिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या गाड्यांच्या नेमके उलट. भाच्याला बजावा. घाबरून उजवा पाय दाबला की संपला.

आपण स्वतः जवळ उभे राहू नये. ही गाडी बाईमाणसाचे काम नाही, लुगड्याचा पदर साखळीत जातो.

आपला,
लक्ष्मण धकाते


सिहोरा
२१ सप्टेंबर २०२४

आदरणीय भाऊजी,
जयभीम.

तुमच्या पत्राची सुगतनं पारायणं केली. यांचे पाने तांदळाच्या कोठीच्या मागे सापडले, माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले. मी ते लुगडं पंधरा वर्षं शोधून राहिली होती. कार्ब्युरेटरचं भोक खराट्याच्या काडीनं साफ केलं. जुन्या पेट्रोलले असा वास, की बेबीबाई शेजारून विचारते, काय पेंट मारून राहिली काय वो?

मग किक. अश्वजित बँकेत गेल्यावर सपरीतून गाडी मागच्या अंगणात काढली. तुम्ही सांगितलं तसा एकच दणका मारला. तो दणका गाडीनं जसाच्या तसा परत केला जी! सुगत उडून सरळ धानाच्या तणसाच्या ढिगात. दोन दिवस मले मांडी घालून बसता आलं नाही. म्हणजे त्याले. मी कडुनिंबाच्या तेलानं मालिश करून दिली. तरी बरं, तणस होतं. तिथं जातं असतं तर?

पोरगा हट्टी आहे, पुन्हा उठला. पाच वेळा मारली, पाचही वेळा तीच गत. मी तुमची गाडी चालवायची पद्धत आठवून पाहिली तर मले काही आठवेना. यांनी किक मारली की तुम्ही कुठे उभे राहत होते?

एक विचारायचं आहे. डाव्या मुठीखाली एक बारीकसा लिव्हर सापडला. त्याच्यावर यांनी चिंधी बांधून ठेवली होती, म्हणून आजवर दिसला नाही. तो कशाचा? तुमच्या पत्रात त्याचं नाव नाही.

तुमची,
रत्नमाला

ता. क. पदर साखळीत जात नाही. कमरेला खोचला की झालं. हे सुगतच्या गमछ्याबद्दल लिहिलं आहे.


मोहाडी
२८ सप्टेंबर २०२४

श्रीमती वहिनींस नमस्कार.

भाच्याची किक मारायची पद्धत चुकते आहे हे उघड आहे. पाय अर्ध्यात सोडला की गाडी लाथ मारणारच. आजकालच्या पोरांना बटण दाबायची सवय. त्याला म्हणावे, भाताऐवजी चार भाकरी खा.

मी कुठे उभा राहत होतो हा प्रश्न मला समजला नाही. त्याचा इथे काय संबंध?

मुठीखालचा लिव्हर जुन्या हॉर्नचा आहे. साहेबाच्या काळात भोंगा होता, तो पुढे काढला. त्याला हात लावू नये.

मला वाटते, पत्राने हे काम व्हायचे नाही. दिवाळीआधी मी स्वतः सिहोऱ्याला येतो आणि पोराची परीक्षा घेतो. पंगतीत कुणी मला विचारू नये की तुमच्या शिष्याने बीएसए भिंतीवर कशी जाऊ दिली.

आपला,
लक्ष्मण धकाते


सिहोरा
८ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,
जयभीम.

हॉर्नचा लिव्हर दाबला. हॉर्न काही वाजला नाही. पण किक लोण्यासारखी खाली गेली ना जी!

तो दाबला की इंजिनातली हवा निघून जाते, म्हणून गाडी लाथ मारत नाही. हळूच किक खाली न्यायची, योग्य जागी आली की लिव्हर सोडायचा, आणि मग दणका. हे सुगतले कोणी सांगितलं नाही, त्यानं स्वतः शोधलं. मले फक्त एवढंच नवल वाटते, की जो माणूस वर्षानुवर्षं ही गाडी चालवत होता त्याले हॉर्न आणि इंजिन यातला फरक कसा माहीत नाही? पण मी कोण बोलणारी, मी पडली बाईमाणूस.

भाऊजी, गाडी चालू झाली. तोच आवाज. मले वाटलं, हे आता फाटकातून आत येतील आणि म्हणतील, रतन, पाणी दे. मी तिथेच, गाडीच्या बाजूनं, भोकांड पसरून रडली. बेबीबाई धावत आली, तिले वाटलं कोणी गेलं. मग तिले सगळं सांगावं लागलं. ती आता आपल्या पार्टीत आहे. अश्वजितचं बँकेतून यायचं झालं की ती तिच्या अंगणातून जोरात कोंबड्या हाकलते. तोच आमचा इशारा.

सुगत रोज कालव्याच्या रस्त्यानं जाते. पहिल्या दिवशी ब्रेकच्या जागी गिअर पडला आणि एक म्हैस वाचली. आता जमून राहिलं आहे. मी तीस वर्षं नर्सबाई म्हणून लुनावर गावोगाव फिरली, म्हणजे तोलाचं मले कळते, पण लुनाले गिअर कुठे होता? तर सुगतले विचारायचं आहे की क्लच कुठपर्यंत सोडला म्हणजे धरते? यांचा हात कसा होता? तुम्ही चालवत होते तेव्हा तुमचा कसा होता?

आणि तुम्ही येऊ नका. बस फार हलते, तुमच्या गुडघ्याले त्रास होईल. शिवाय सुगत लाजरा आहे, मोठ्या माणसांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

तुमची,
रत्नमाला


मोहाडी
१४ ऑक्टोबर २०२४

श्रीमती वहिनींस नमस्कार.

क्लच ही लिहून सांगायची गोष्ट नाही. ती हाताला कळते. ज्याला कळत नाही त्याने विचारू नये आणि ज्याला कळते त्याने सांगू नये.

मी येत्या रविवारी, वीस तारखेला, येतो आहे. अश्वजितलाही मोनिकाकडून फोन करून कळवले आहे. तो म्हणाला, बरेच झाले, त्या दिवशी सेठही गाडी न्यायला येणार आहे, दिवाळीपर्यंत थांबायला तो तयार नाही, काका समोर असले म्हणजे आई ओरडणार नाही. म्हणजे परीक्षा त्याच दिवशी! भाच्याला सकाळी बसस्टँडवर पाठवा. मी मागे बसेन, बपेऱ्याला जाऊन येऊ. लाजरा असेल तर न बोलता चालवू दे. मला तसेही ऐकू येत नाही.

आपला,
लक्ष्मण धकाते


सिहोरा
२३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,
जयभीम.

तुम्ही चहा न घेता फाटकातून निघून गेले. अश्वजित स्टँडपर्यंत तुमच्या मागे आला, तर तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसमध्ये बसले. रागावले ते समजलं. पण तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुमाले माहीत असलं पाहिजे, आणि मले काय माहीत झालं तेही.

हाव जी, खरं आहे, सुगत नावाचा माझा कोणी भाचा नाही. बालाघाटले आपलं कोणीच नाही. मी जर लिहिलं असतं की रत्नमालाले शिकायचं आहे, तर तुम्ही मले पदराच्या चार गोष्टी सांगून पत्र बंद केलं असतं. खोटं आहे काय?

रविवारी सकाळी अश्वजित बाजारात गेला तशी त्याची पँट घातली, यांचा खाकी कोट घातला, वर अश्वजितचं हेल्मेट. बेबीबाई हसून हसून जमिनीवर बसली. स्टँडवर तुम्ही धोतराचा सोगा आवरून उभे. मी गाडी थांबवली, तुम्ही चष्मा पुसला, आणि म्हणाले, "शाब्बास पोरा, आवाज बरोबर आहे." आणि एका झटक्यात मागच्या गादीवर बसले. गुडघे दुखणारा माणूस इतका सफाईनं बसला की मीच चाट पडली.

मग तुम्ही बोलायले लागले. भाऊजी, ऐकू येत नसलेला माणूस किती मोठ्यानं बोलते हे तुमाले कोणी सांगितलं आहे काय? रस्त्यात बाया धान कापून राहिल्या होत्या, त्या विळे घेऊन उभ्या राहिल्या. बपेऱ्याच्या चौकात पानठेल्यावरच्या लोकांनी तर टाळ्या वाजवल्या. तुमाले वाटलं गाडीसाठी.

काय काय बोलले ते लिहू? "तुझी मावशी डांबीस आहे, तिच्यापासून सांभाळून राहा." ठीक आहे. "गिअर असा टाक, चिंधू असाच टाकत होता," असं म्हणून माझ्या खांद्यावर थापटा मारला, तो खांदा अजून दुखून राहिला आहे. मग परतीले वळलो तेव्हा माझ्या कानाजवळ तोंड आणून, म्हणजे तुमच्या हिशेबानं हळू आवाजात, तुम्ही म्हणाले, "पोरा, तुले एक सांगतो, कोणाले सांगू नको. ही गाडी मी जन्मात चालवली नाही. चिंधूच चालवे. मी मागेच बसलो. मोहाडीत सगळे मले रायडर समजतात, पण तो लिव्हर कशाचा हे मले आजपर्यंत माहीत नाही. मागून दिसतच नव्हता ना."

ते धान कापणाऱ्या बायांनी पण ऐकलं.

मले हसू आलं पाहिजे होतं. हॉर्नचं पत्र आलं तेव्हाच मले शंका आली होती, तुम्ही येता तेव्हा तुमची चांगली फजिती करायची असं मी ठरवून बसली होती. पण हसू आलं नाही. उलट गाडी थोडी हळू केली.

घरी अश्वजित आणि तो सेठ अंगणात उभे. सेठ दोर घेऊन आला होता, पिकअप बाहेर. मी हेल्मेट काढलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, आणि तुमचं तोंड असं झालं की मले ते आयुष्यभर विसरणं होणार नाही. माफी मागते, त्यासाठी. बाकी कशासाठी नाही.

स्टँडवरून परत आल्यावर अश्वजित पहिलं काय बोलला असेल? "आई, ही माझी पँट आहे." मग ओट्यावर बसला, आणि हसू लागला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मग उठून आपणहून सेठले म्हणाला, "गाडी कुठं जात नाही."

सेठ म्हणते, निदान एक चक्कर तरी मारू द्या. मी चालू करून दिली. ब्रेक कोणत्या पायात हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फाटकाजवळ त्यानं ब्रेक समजून उजवा पाय दाबला, गाडीनं वरचा गिअर घेतला. गाडी बांधावर आडवी झाली, सेठ मात्र पुढे धानाच्या बांधीत, चिखलात. बेबीबाईनं त्याचा फोटो काढला आहे. ढाब्यात लावायचा असेल तर देते म्हणाली. गाडीचा फूटरेस्ट तेवढा वाकला, तो मी हातोडीनं सरळ केला.

आता तुमचं सांगा. काही लिहिलं नाही तरी समजेन, पण लिहा.

तुमची,
रत्नमाला


मोहाडी
१० नोव्हेंबर २०२४

रत्नमालावहिनी,

दिवाळी गेली. आज शुद्ध लिहीत बसत नाही, तुमच्यासमोर आता काय शुद्ध आणि काय अशुद्ध.

मी रागावलो नव्हतो. लाजलो होतो. या वयात माणूस लाजला की लोकांले राग वाटते.

मोनिकानं विचारलं, बाबा, सिहोऱ्याहून आल्यापासून जेवत काहून नाही? मी म्हटलं, परीक्षेत नापास झालो. ती म्हणाली, परीक्षा तर तुम्ही घ्यायले गेले होते. मग तिले सगळं सांगितलं. ती एवढी हसली की दूधवाला आत आला. आता मोहाडीत सगळ्यांले माहीत आहे. पंगतीत मी काय सांगीन ते मले ठाऊक नाही.

वहिनी, तुम्ही विचारलं होतं, किक मारताना मी कुठे उभा राहत होतो. चिंधूच्या पाठीमागे, लुगड्यांचा गठ्ठा छातीशी धरून. गाडी चालू झाली की मी बसे, तो कधी मागे वळून पाहत नसे, त्याले माझ्या वजनावरून कळे. आमच्या हातमागाची लुगडी घेऊन आम्ही सगळे बाजार केले. त्यानं पुष्कळदा म्हटलं, लक्ष्मण, आता तू चालव. मले नको होतं. मले तीच जागा पाहिजे होती. मग त्याचं लग्न झालं, तुम्ही आल्या, आणि मागची गादी तुमची झाली. तुमचा काय दोष? पण मी त्यानंतर एसटीनं बाजार केले, आणि लोकांले सांगत सुटलो की मी पण चालवत होतो. मागे बसत होतो हे कोणाले काय सांगायचं? त्याची कोणी गोष्ट सांगते काय?

ऐकू येत नाही म्हणून लोक मले बिचारा समजतात. त्या रविवारी मले गाडी ऐकू आली. कानानं नाही. बुडाखालून, पाठीच्या मणक्यातून, थेट दातांपर्यंत. इतक्या वर्षांनी. म्हणून बोलत सुटलो. तुमाले वाटलं पोराले गुपित सांगून राहिलो. मी चिंधूशी बोलून राहिलो होतो, वहिनी. कोट त्याचा होता.

तुम्ही चांगलं चालवता. क्लच जरा दचकून सोडता. हे मले मागून कळलं, हे मात्र खरंच कळते.

आता शिकवत नाही. मागतो आहे. पुन्हा एकदा नेता काय?

लक्ष्मण


सिहोरा
१४ नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

अश्वजितनं रविवारी मागे बसायचा नंबर लावला होता. त्याले म्हटलं, तू नंतर. तुमची मागची जागा मी घेतली होती, आता ती तुमाले परत करते, हिशेब फिटला.

सकाळच्या बसनं या. चांदपूरपर्यंत जाऊ. खांद्यावर थापटा मारायचा नाही. बोला मात्र पाहिजे तेवढं, कोट मी तोच घालीन.

रत्नमाला